जुन्या गाडीत नवा मीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरासमोर काकांची १९९४ सालची मारुती ८०० उभी असते. तिच्या डॅशबोर्डात मी दोनदा मीटर बदलला, एकदा चुकीचा आणि एकदा बरोबर. पुढे एका मित्राची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडीही हाताखालून गेली. तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. ‘मीटर’ म्हणजे स्पीडचा काटा, पेट्रोल, टेम्परेचर, किलोमीटर आणि सगळे दिवे मिळून अख्खी पेटी.

मुळात बदलायचा कशाला? जुना दुरुस्त होत नाही का?

बऱ्याचदा होतो. काटा थरथरत असेल तर नव्वद टक्के वेळा मीटर निर्दोष असतो, केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी मुरगळलेली असते. आतली तार ओढून काढा, पुसा, हलकं ग्रीस लावा. वरच्या टोकाची वीतभर लांबी मात्र कोरडीच ठेवा. नाहीतर ग्रीस फिरत फिरत मीटरच्या आत चढतं आणि मग खरोखरच नवा मीटर घ्यावा लागतो.

बदलण्याचं खरं कारण एकतर जुन्याचे भाग मिळत नाहीत, किंवा तुम्हाला आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) काटा हवा आहे, किंवा हौस आहे. हौस असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा. काकांना हौसच होती.

दादा, कपलर (मीटरमागे वायरी जोडणारा प्लग) जुळला की काम झालं ना?

नाही. सगळी गडबड या समजुतीतून होते. मीटर स्वतः काही मोजत नाही. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, इंजिनावरचा टेम्परेचर सेन्सर, गिअरबॉक्सची केबल, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर हे सगळे जे सांगतात ते तो ऐकतो आणि काटा हलवतो. जुन्या गाडीचे फ्लोट-सेन्सर एका भाषेत बोलतात, नव्या मीटरला दुसरी कळते. कपलर जुळला तरी भाषा जुळत नाही. म्हणून निम्मं काम डॅशबोर्डात असतं आणि निम्मं टाकीत, गिअरबॉक्सवर, बॉनेटखाली.

माझ्या गाडीत केबल आहे की सेन्सर, कसं ओळखायचं?

मीटरच्या मागे हात घाला. करंगळीएवढी जाड काळी नळी मीटरमध्ये घुसलेली असेल तर केबल. फक्त वायरी असतील तर सेन्सर.

केबलच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक मीटर चालतो का?

चालतो, पण मधे दुभाषी लागतो.

केबलच्या मीटरमध्ये वीज नसतेच. केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा प्रवाह तयार होतात आणि ती ओढली जाते. तिला मागे खेचून धरते एक केसाएवढी स्प्रिंग. जितका वेग जास्त तितकी ओढ जास्त. इतकं साधं यंत्र आहे, आणि तीस वर्षं चालतं.

इलेक्ट्रॉनिक मीटर सेन्सरकडून येणारे विजेचे ठोके मोजतो. जपानी मानकात केबल एका किलोमीटरला ६३७ वेळा फिरते, म्हणजे ताशी ६० च्या वेगाला मिनिटाला ६३७ फेरे. त्याच घराण्याचा इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा एका फेऱ्याला ४ ठोके धरतो, म्हणजे किलोमीटरला २,५४८. तेव्हा जपानी पद्धतीच्या केबलवर चार ठोक्यांचा सेन्सर बसवला आणि मीटरही त्याच मानकाचा घेतला, तर हिशेब आपोआप जुळतो. सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडावर, जिथे केबल आटे लावून बसते तिथेच बसवायचा. त्याला तीन वायरी असतात: पुरवठा, अर्थिंग आणि ठोक्यांची. पुरवठा १२ व्होल्टचा की ५ चा, हे जोडण्याआधी बघा. पाच व्होल्टच्या सेन्सरला बारा दिले की तो गेलाच.

घराणी वेगळी असतील, तर मधे ठोके वाढवणारी-घटवणारी छोटी सर्किट पेटी घालावी लागते. जीपीएसवरून ठोके देणारे सेन्सरही मिळतात. पण आमच्या जुन्या शहरातल्या मांडवीच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना उंच घरं असताना काटा मनाला येईल तिथे उभा राहतो, म्हणून मला ते आवडत नाहीत.

उलटा प्रकार, म्हणजे सेन्सरच्या गाडीत केबलचा मीटर, करू नका. केबल फिरवायला गिअरबॉक्समध्ये तोंडच नसतं.

पेट्रोलचा काटा उलटा का चालतोय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मी दुमाड चोकडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभा राहून शिकलो.

पहिला मीटर मी युरोपीय घराण्याचा आणला होता, दिसायला देखणा. शनिवारी रात्री बसवला, किल्ली फिरवली, काटा अर्ध्याच्या थोडा वर. काका खूश. रविवारी सकाळी काका, काकू आणि मी आणंदला लग्नाला निघालो. दुमाडच्या आधीच गाडी दोन गचके खाऊन थांबली. काटा अजून अर्ध्याच्या वरच. काका शांतपणे म्हणाले, “अरे, नव्या मीटरला पेट्रोल लागत नाही का?” मी कॅन घेऊन पंपावर गेलो, पाच लिटर आणून ओतलं आणि किल्ली फिरवली, तर काटा खाली आला! काकू मागच्या सीटवर पैठणी सावरत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कारण. टाकीतल्या फ्लोटला एक रोध (रेझिस्टर) जोडलेला असतो आणि पेट्रोलच्या पातळीप्रमाणे तो बदलतो. सुझुकीसह बऱ्याच जपानी घराण्यांच्या जुन्या गाड्यांत टाकी रिकामी असताना तो साधारण ११० ओहम असतो आणि भरल्यावर ३ ओहमपर्यंत उतरतो. माझा देखणा मीटर व्हीडीओ (VDO) या जर्मन मीटर कंपनीच्या पद्धतीचा होता: रिकामीला १० ओहम, भरलेलीला १८०. म्हणजे दिशाच उलटी. कोरड्या टाकीचे ११० ओहम त्याला साठ टक्के भरल्यासारखे वाटत होते. मी टाकी तुडुंब भरली असती, तर त्याने ३ ओहम वाचून शून्याच्याही खाली मान टाकली असती.

यावर उपाय तीन. मीटर ज्या गाडीचा त्या गाडीचा फ्लोट आपल्या टाकीत बसवणं. दांडीची लांबी आणि टाकीची खोली जुळायला हवी. किंवा नव्या पेटीत फक्त पेट्रोलचा काटा जुन्या मीटरमधून काढून बसवणं. यात हात बारीक लागतो, पण माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. तिसरा म्हणजे मधे सर्किट. एखादा रोध जोडून टप्पा थोडा सरकवता येतो, दिशा मात्र बदलता येत नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की “एक रेझिस्टर टाकतो, होऊन जाईल”, तर आधी फ्लोटची दिशा विचारा.

तपासणी टाकी न उघडता होते. फ्लोटचा कपलर काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवा, आता किती दाखवतो ते लिहा. पंपावर जाऊन टाकी भरा, परत मोजा. दोन आकडे मिळाले की मीटर विकत घेण्याआधीच उत्तर मिळालं. फ्लोट काढायचाच झाला तर बॅटरी सोडून, उघड्यावर, टाकी जवळजवळ रिकामी करून. सोल्डरिंग आयर्न त्या दिवशी घरातच ठेवा.

टेम्परेचरचा काटा मधोमध जायच्या ऐवजी लालवर जातोय. इंजिन खरंच तापलंय का?

आधी खरंच तापलंय का ते बघा. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हा प्रश्न मीटरवर ढकलून मोकळं होऊ नये. रेडिएटर ठीक असेल तर सेन्सर आणि मीटर वेगवेगळ्या घराण्यांचे आहेत. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, पण किती अंशांना किती, हे प्रत्येकाचं वेगळं.

तपासायला स्वयंपाकघरातलं पातेलं पुरतं. गाडीचा आणि नव्या मीटरच्या घराण्याचा, असे दोन्ही सेन्सर दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा, थर्मामीटर ठेवा आणि दर दहा अंशांना ओहम लिहा. आकडे जुळत नसतील तर मीटरचा सेन्सर इंजिनावर बसवा. आटे मात्र तेच हवेत. जबरदस्तीने बसवाल तर हेडचे आटे जातील. एक वायर असलेल्या सेन्सरचं अर्थिंग आट्यांतूनच होतं, तेव्हा त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत इंजिनाच्या संगणकासाठी दोन वायरींचा वेगळा सेन्सर असतो. त्याच्या वायरीला हात लावायचा नाही. तिथून मीटर चालवायला गेलात तर गाडी सकाळी चालू होणार नाही आणि तुम्ही प्लग बदलत बसाल.

जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या जमान्यातल्या बऱ्याच मीटरांत काटे बायमेटलचे (तापली की वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीचे) असतात आणि त्यांना एक छोटा स्टॅबिलायझर सुमारे १० व्होल्ट पुरवतो. पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले तर सेन्सर शोधत बसू नका, आधी तो डबीसारखा स्टॅबिलायझर आणि त्याचं अर्थिंग बघा.

मीटर बदलल्यापासून बॅटरी उतरतेय. मीटर करंट खातोय का?

खात नाही, देत नाहीये! चार्जिंगचा लाल दिवा फक्त दिवा नाही. जुन्या अल्टरनेटरला जागं करायला सुरुवातीचा थोडा करंट याच बल्बमधून जातो. नव्या मीटरमध्ये तिथे एलईडी असेल तर तेवढा करंट जात नाही आणि अल्टरनेटर झोपूनच राहतो, किंवा इंजिन जोरात रेस केल्यावरच उठतो. एलईडीला समांतर ६८ ते १०० ओहमचा, पाच वॉटचा रोध जोडा. तो गरम होतो, त्यामुळे प्लास्टिकला चिकटवून ठेवू नका.

आमच्या काकांनी यावर दोन महिने “नवी बॅटरी घेऊ” असा धोशा लावला होता. रोध जोडल्यावर जुनीच बॅटरी अजून चालतेय.

ऑइलचा दिवा?

त्याचा स्विच अर्थिंग देतो, बाकी काही नाही. किल्ली फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. किल्लीवर लागलाच नाही तर इंजिन चालू करू नका, आधी वायर शोधा. नव्या मीटरमध्ये ऑइलचा काटा असेल तर त्याला वेगळा सेन्सर लागतो, स्विचवर काटा चालत नाही.

आरपीएमचा काटा बसवला, पण आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ६७५ दाखवतो. कार्ब्युरेटर खराब आहे?

गाडी मारुती ८०० असेल तर कार्ब्युरेटरला बोल लावू नका. ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. आरपीएम मीटर इग्निशन कॉइलच्या ऋण टोकावरचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन ठोके येतात, तीन सिलिंडरमध्ये दीड. चार सिलिंडरच्या गाडीचा मीटर ८०० मध्ये नेहमी पाऊणपटच दाखवणार: खरे ९०० असतील तर ६७५, खरे ४,००० असतील तर ३,०००. हा मजेचा विषय नाही. काटा बघून गिअर टाकणारा माणूस इंजिन तिसरा हिस्सा जास्त ओढतो.

काही मीटरांच्या मागे प्रिसेट म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून जुळवता येतं. काहींत सिलिंडर निवडायचा स्विच असतो, पण त्यावर बहुधा ४, ६, ८ असतात, ३ नसतो. कॉइलच्या त्या टोकावर शेकडो व्होल्टचे झटके येतात, म्हणून वायर थेट न घालता मधे दहा किलोओहमच्या आसपासचा रोध घाला. डिझेल गाडीला कॉइलच नसते. तिथे अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून ठोके घेतात.

वायरिंग कापावं लागेल का?

जुन्या मीटरचा कपलर कापायचा नाही, म्हणजे नाही. मधे एक छोटी जोडपट्टी करा: एका टोकाला जुन्या गाडीच्या वायरिंगला बसणारा कपलर, दुसऱ्याला नव्या मीटरचा. ती काढली की गाडी मूळ रूपात.

करायच्या आधी नवा मीटर टेबलावर ठेवून प्रत्येक पिन ओळखा. छोटी १२ व्होल्टची बॅटरी, एक अँपियरचा फ्यूज आणि मल्टीमीटर एवढं पुरे. फ्यूजशिवाय नको, मागची तांब्याची पातळ पट्टी क्षणात जळते. पिनचा नकाशा कागदावर काढा आणि त्याचा फोटोही घ्या. वायरींच्या रंगावर विसंबू नका. तीस वर्षांच्या गाडीत किमान तीन वायरमननी हात घातलेला असतो आणि प्रत्येकाने त्या दिवशी हाताशी असलेला रंग वापरलेला असतो. काकांच्या गाडीत अर्थिंगची वायर लाल निघाली.

दिवे मंद, काटे डुलतात, इंडिकेटर दिला की पेट्रोल खाली जातं, असं काही विचित्र दिसलं तर बहुतेक वेळा कारण अर्थिंगच असतं. मीटरपासून बॉडीपर्यंत एक नवी जाड वायर ओढा, मग पुढचा विचार.

भंगारातून मीटर घेताना काय बघू?

वडोदऱ्यात एक गोष्ट आधी बघायची: गाडी पुरात होती का. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा कितीतरी गाड्या डॅशबोर्डापर्यंत बुडाल्या, आणि त्यांचे भाग अजून बाजारात फिरतायत. विक्रेता काच चकचकीत पुसून देतो. तुम्ही मीटर उलटा करा. स्क्रूंच्या डोक्यांवर गंज, तांब्याच्या पट्टीवर हिरवट डाग, काचेच्या आत खालच्या कडेला गाळाची बारीक पिवळट रेघ, यातलं एक जरी दिसलं तरी ठेवून द्या. नाकाजवळ धरा. नदीचा वास महिनोनमहिने जात नाही.

मीटरबरोबर कपलर हातभर वायरीसकट कापून घ्या, फ्लोट आणि टेम्परेचर सेन्सरही मागून घ्या. एकदम घेतलं तर स्वस्त पडतं. नंतर फक्त फ्लोट मागायला गेलात तर तो माणूस तुमचा चेहरा वाचतो.

आणखी नवीन मीटर, पूर्ण डिजिटल स्क्रीनवाला?

माझं मत: नको. नव्या गाड्यांचे मीटर एकेक वायर ऐकत नाहीत, ते कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरचे संदेश वाचतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये आणली. जुन्या गाडीत ते संदेश पाठवणारं कोणीच नाही, त्यामुळे मीटर सगळे दिवे पेटवून बसतो. फोक्सवॅगनसारख्या काही घराण्यांच्या गाड्यांत तर किल्ली ओळखणारा इमोबिलायझरही मीटरमध्येच असतो. मायक्रोकंट्रोलरवर खोटे संदेश तयार करून हे चालवता येतं, आणि कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकणाऱ्या पोरांना तो प्रकल्प म्हणून उत्तम आहे. रोज ऑफिसला जायच्या गाडीत नाही.

एबीएस आणि एअरबॅगचे दिवे सतत पेटलेले आहेत. बल्ब काढू का?

गाडीत एबीएस-एअरबॅग मुळातच नसतील तर काढा. असतील तर काढू नका, दिवा तुम्हाला काहीतरी सांगतोय.

किलोमीटरचं काय? कायद्यात बसतं का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११७ प्रमाणे गाडीला चालू स्पीडोमीटर हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे: नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडता कामा नये. मीटरची पेटी त्या तपशिलात येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायला दरजीपुराच्या आरटीओत गाडी नेली की तपासणीत काटा चालला पाहिजे, म्हणून बदलाचं काम अर्धवट ठेवून जाऊ नका.

प्रश्न खरा आहे तो आकड्याचा. दुसऱ्या गाडीचा मीटर म्हणजे दुसऱ्या गाडीचे किलोमीटर. जुना काढायच्या आधी त्याचा फोटो घ्या, बसवल्यावर नव्याचा घ्या, दोन्ही आकडे तारखेसह सर्व्हिस बुकात लिहा. विकताना विक्रीच्या कागदावरही लिहून द्या. आकडा कमी दिसतोय म्हणून गप्प बसून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे. ‘थोडे किलोमीटर मागे करून द्या ना’ असं विचारणाऱ्यांना मी चहा देतो आणि विषय बदलतो.

बसवल्यावर वेग बरोबर दाखवतो की नाही, कसं तपासू?

वडोदरा–अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर चला. ९३ किलोमीटरचा सरळ रस्ता आणि कडेला किलोमीटरच्या पाट्या. काटा ८० वर स्थिर धरा आणि शेजारच्याला दोन पाट्यांमधला वेळ मोजायला सांगा. बरोबर ४५ सेकंद लागले तर खरा वेग ८०. किलोमीटरचा आकडा तपासायला दहा पाट्या मोजा. फोनचं जीपीएसही चालेल, पण घड्याळ लावून मोजण्यात मजा आहे. वेळ शेजारच्यानेच मोजायची, चालवणाऱ्याने नाही.

काटा थोडा जास्त दाखवत असेल तर काळजी नको, कंपन्याही मुद्दाम तसाच ठेवतात. कमी दाखवत असेल तर मात्र दुरुस्त करा. टायर मोठे टाकले असतील तर आधी तेच कारण तपासा: टायरचा व्यास तीन टक्के वाढला की काटा तितकाच मागे राहतो.

हे सगळं वायरमनकडून करून घेतलं तर?

जरूर. फक्त आमच्याकडचा वायरमन कोणत्याही प्रश्नाला “थई जशे, साहेब” (होऊन जाईल) म्हणतो. होतंही, पण कसं ते विचारा. फ्लोटचे ओहम मोजले का, असं विचारल्यावर जो मल्टीमीटर काढतो त्याच्याकडे गाडी द्या. पहिल्यांदा स्वतः करणाऱ्याने दोन रविवार धरावेत. उन्हाळ्यात दुपारी डॅशबोर्ड उघडू नका. तापून वाळलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात.

जुन्या मीटरचं काय करू?

ठेवा. काकांच्या ८०० चा मीटर आमच्या माळ्यावर लीला चिवड्याच्या पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. झाकणावर काकूंच्या अक्षरात लिहिलंय: “६१,४०८. फेकू नये.”